वाटोळी किल्ली

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खालच्या खणात निकामी वस्तूंचा एक लहानसा संसार नांदत असतो. शाई न झरणारी दोन पेने, एक बंद पडलेले घड्याळ, एका काचेचा चष्मा, आणि गेली काही वर्षे एक किल्ली. किल्ली म्हटल्यावर दातेरी पात्याची जी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते, तशी ही नव्हे. हिला पातेच नाही. करंगळीच्या पेराएवढी एक पोकळ नळी आणि तिच्या कडेवर कोरलेल्या बारीक बारीक खाचा, एवढेच हिचे रूप. घरातील मुले ती हातात घेऊन, "ही कशाची?" म्हणून विचारतात, आणि "अमेरिकेतली" एवढेच उत्तर देऊन मी वेळ मारून नेतो. खरे उत्तर लांबलचक आहे, आणि ते मला भूषणावह तर मुळीच नाही. परंतु लपवून ठेवलेली गोष्ट खणातल्या किल्लीसारखी असते. दुसरे काही शोधावयास जावे, तो हीच हाताला लागते. तेव्हा आज ती सांगूनच टाकतो.

माझा धाकटा भाऊ टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवरील एका गावी राहतो. तो यंत्रशास्त्र शिकला आणि पुष्कळ वर्षे त्याने त्याच विद्येवर नोकरीही केली. पुढे नोकरीचा वीट येऊन त्याने एक चालता धंदा विकत घेतला. धंदा मोटारी धुण्याचा. नव्हे, लोकांना त्यांच्या मोटारी धुऊ देण्याचा. 2019 च्या उन्हाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे राहावयास गेलो होतो, तेव्हा हा प्रकार मी प्रथम पाहिला.

आपल्याकडे हे काम पहाटे बादली आणि फडके घेऊन येणारा गडी करतो. त्या देशात मजुरी इतकी महाग, की चांगले सुखवस्तू गृहस्थही बाह्या सरसावून आपली गाडी आपणच धुतात. त्यांच्या सोयीसाठी रस्त्याच्या कडेला एक लांबट इमारत असते. तिला दोन्ही बाजूंनी उघडे असे पाच-सहा गाळे. गाळ्यात गाडी उभी करावी, भिंतीवरील पोलादी पेटीच्या फटीत पाव-पाव डॉलरची नाणी टाकावी, चकती फिरवून साबण, फेस, साधे पाणी किंवा मेण यांपैकी हवे ते निवडावे, आणि पिचकारीसारख्या लांब नळीने गाडीला न्हाऊ घालावे. नाण्यांनी विकत घेतलेली मिनिटे संपली की पाणी आपोआप थांबते. गाडीच्या अंगावर साबण तसाच असला तरी यंत्राला दया येत नाही. बाहेर अंगणात गाडीच्या आतील धूळ ओढून घेणारी चार यंत्रे उभी होती, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात एक स्वतंत्र गल्ला होता.

नाणे घेऊन सेवा देणाऱ्या यंत्राची कल्पना नवी आहे असे मला वाटत असे. परंतु ती फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरोन नावाच्या यंत्रज्ञाने ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात अशाच एका पात्राचे वर्णन करून ठेवले आहे. वरच्या फटीतून नाणे पडले की त्याच्या वजनाने आतील तरफ कलते, झडप उघडते, आणि देवळात आलेल्या भक्ताच्या हातावर मोजके तीर्थ पडते. म्हणजे देवाच्या दारीसुद्धा भक्त पैसे टाकल्यावाचून तीर्थ नेईल, हा संशय माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच आला होता!

माझ्या भावाच्या धंद्यातही मालक गिऱ्हाइकाला पाहत नाही आणि गिऱ्हाईक मालकाला ओळखत नाही. रात्री दोन वाजता कोणी येतो, आपली गाडी धुतो, आणि अंधारात निघून जातो. त्या दोघांच्या मध्ये काय ती एक पेटी, आणि तिला एक कुलूप. एवढ्याशा आधारावर परक्या माणसांचा व्यवहार रात्रंदिवस सुरळीत चालावा, याचे मला मोठे नवल वाटत असे. मी सकाळी फिरावयास म्हणून निघे आणि तेथेच एका बाकावर बसून राही.

त्या बाकावर मला एक सोबती मिळाला. गाळे झाडणे, गटारातील गाळ उपसणे, साबणाची पिंपे भरणे, या कामांसाठी भावाने एक मेक्सिकन म्हातारा ठेवला होता. वयाने तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी वडील असावा. त्याचे इंग्रजी मोडके, आणि माझ्या पुस्तकी इंग्रजीतील निम्मे शब्द त्याला निरुपयोगी. तरीही आमचे छान जमले. आपल्या थर्मासमधील कॉफी तो झाकणात ओतून मला देई आणि "प्रोफेसोर" अशी हाक मारी. आठवड्यातून दोनदा तो कमरेची किल्ली काढून अंगणातील चारही गल्ले उघडी, नाणी एका बादलीत ओती, आणि ती बादली भावाच्या स्वाधीन करी. ती किल्ली म्हणजेच ही वाटोळी किल्ली. तशा दोनच होत्या. दुसरी भावाच्या जुडग्यात.

पाव डॉलरचे एक नाणे 5.67 ग्रॅम वजनाचे असते. शंभर डॉलरची चारशे नाणी म्हणजे सव्वादोन किलोंहून थोडे अधिक ओझे. या हिशेबाची भावाला इतकी सवय झाली होती, की मोजण्यापूर्वी बादली नुसती हाताने तोलून तो आकडा सांगत असे. मी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बादली हलकी लागू लागली. पहिल्यांदा त्याने पावसाला दोष दिला. पण पुढचा आठवडा कोरडा गेला, अंगणात गाड्यांची रीघ होती, आणि बादली अधिकच हलकी झाली. त्याने चारही गल्ले तपासले. दारे शाबूत, बिजागऱ्या शाबूत, कुलपावर साधा ओरखडाही नाही.

त्या रात्री जेवताना त्याने ही सारी हकीकत मला सांगितली आणि विचारले, "दादा, तुला काय वाटते?"

मी अठ्ठावीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत आलो आहे. असा प्रश्न कोणी विचारला की मला जो आनंद होतो, तो पेटी दिसताच गवयाला होणाऱ्या आनंदासारखा असतो. मी बोटे मोडून सांगू लागलो. कुलूप फोडलेले नाही. म्हणजे ते किल्लीने उघडले. किल्ल्या दोन. एक तुझ्यापाशी, आणि तू चोरी करणार नाहीस. मग उरले काय? एवढे बोलून मी आमटीचा भुरका घेतला. भावजय मात्र म्हणाली, "भावजी, तो म्हातारा तसा वाटत नाही हो." मी हसून म्हणालो, "वाटणे हे प्रमाण नव्हे." हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले आहे. ते इतके महाग पडेल अशी मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी भावाने म्हाताऱ्याकडून किल्ली परत मागितली. आरोप केला नाही, आवाजही चढविला नाही; यापुढे गल्ले मीच उघडीत जाईन, एवढेच तो म्हणाला. म्हाताऱ्याने कमरेची किल्ली सोडली, पुसली, आणि भावाच्या तळहातावर ठेवली. मग त्याने बाकावर बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिले. आदल्या रात्रीचे आमचे बोलणे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरी मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. त्या दिवशी थर्मास उघडला नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

आठ दिवसांनी भावाने स्वतः गल्ले उघडले. शनिवारभर त्या यंत्रांपाशी गाड्या ओळीने उभ्या असलेल्या त्याने पाहिल्या होत्या; आणि चारांपैकी तीन गल्ल्यांत मूठमूठ नाणीसुद्धा नव्हती. तो घरी येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, आता दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात आहेत."

माझ्या तर्कशास्त्राप्रमाणे आता चोर माझा भाऊच ठरत होता!

त्याच दुपारी कुलपांच्या कामातला एक कसबी माणूस बोलाविला गेला. त्याने पहिल्या गल्ल्याकडे नुसती नजर टाकली आणि आपल्या पेटीतून एक हत्यार काढले. ते माझ्या या किल्लीसारखेच वाटोळे होते. मात्र कडेवर खाचांऐवजी मागेपुढे सरकणाऱ्या बारीक सळ्या होत्या. ते त्याने कुलपात घातले, दोन-चारदा अलगद हलविले, आणि एक मिनिट भरण्याच्या आत दार उघडले. मग ते पुन्हा लावून तो बाजूला झाला आणि आम्हांला म्हणाला, "आता पाहा, आणि हे कुणी उघडले ते सांगा." आम्ही पाहिले. कुलपावर कसलीही खूण नव्हती.

अशा कुलपात सात-आठ लहान खिळ्या वर्तुळाकार बसविलेल्या असतात. प्रत्येक खिळी आपापल्या खोलीपर्यंत दाबली गेली की मधला भाग फिरतो. ती खोली किल्लीच्या खाचांनी ठरते. त्या हत्याराच्या सळ्या चाचपत चाचपत नेमक्या त्याच खोलीवर जाऊन बसतात आणि तशाच राहतात. म्हणजे कुलूप उघडता उघडता ते हत्यारच त्या कुलपाची किल्ली होऊन जाते. एकदा असे झाले की चोराने पुढच्या आठवड्यात निवांतपणे यावे, उघडावे आणि लावून जावे. शीतपेयांच्या यंत्रांना आणि जुगाराच्या यंत्रांना वर्षानुवर्षे असलीच कुलपे लावली जात. 2004 साली तर अमेरिकेत सायकलींना लावण्याची याच जातीची महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात असे उघडकीला आले, आणि मोठा गवगवा झाला.

कारागीर बोलत होता आणि माझ्या मनात माझे अनुमान पायरीपायरीने ढासळत होते. किल्लीवाचून कुलूप उघडत नाही, हे विधान मी केलेच नव्हते. ते मी गृहीत धरले होते. न उच्चारलेल्या गृहीतकाची परीक्षा घ्यावी, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवितो. घरी आल्यावर त्या कुलपांचा इतिहास वाचीत बसलो, तेव्हा समजले की हे गृहीतक लंडन शहरात 1851 सालीच, सर्वांच्या देखत, मरून पडले होते.

जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1784 साली एका कुलपाचे पेटंट घेतले होते. त्या कुलपाची किल्लीही नळीसारखी वाटोळीच. हे जो किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी बक्षीस, असे आव्हान लिहून त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले होते, आणि सुमारे साठ वर्षे ते कोणाला साधले नाही. 1851 सालच्या मोठ्या प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा एक अमेरिकन लंडनला आला. त्याने ते सोळा दिवसांत, एकूण सुमारे एक्कावन्न तास खपून, उघडले. चब यांचे तितकेच नामांकित कुलूप तर त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखविले. ही विद्या उघड केल्याबद्दल लोक त्याच्यावर रागावले. त्याचे उत्तर असे, की ही विद्या चोरांना पूर्वीपासूनच आहे. अंधारात आहेत ते सज्जन.

पण मला अधिक आवडले ते या लढाईत हरलेले चब यांचे कुलूप. ते 1818 सालचे. एखाद्या परक्या हत्याराने त्यातील तरफ जरुरीपेक्षा वर उचलली गेली, की ती तेथेच अडकून बसे, आणि मग मालकाच्या किल्लीलाही कुलूप सहजी उघडेना. मालकाला तेथल्या तेथे कळे, की आपल्या मागे कोणीतरी येथे हात घातला आहे. हॉब्जसारख्या हुन्नरी माणसापुढे त्याचा टिकाव लागला नाही हे खरे. परंतु ज्याने ते योजिले त्याने कुलपाकडून केवळ बळाची नव्हे, तर साक्षीचीही अपेक्षा केली होती. माझ्या भावाच्या कुलपाने चोराला अडविले नाही, हा त्याचा लहान अपराध. खोटी साक्ष देऊन त्याने एका निरपराध माणसाला चोर ठरविले, हा मोठा.

आपल्या शूद्रकाला हे मर्म पुरेपूर ठाऊक होते. मृच्छकटिकातील शर्विलक भिंतीला भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे असावे याचा विचार करतो आणि मापासाठी जानव्याची दोरी करतो, हा भाग वाचून आपण हसतो. पण वसंतसेनेची ठेव चोरीला गेली हे कळल्यावर चारुदत्त मूर्च्छित का पडतो? आता खरे कोण मानील, दरिद्री माणसावर सगळे संशय घेतील, ही त्याची व्यथा आहे. भिंतीला एवढे मोठे भगदाड साक्षीला असूनही त्याला ही धास्ती! मग धूतेने आपली रत्नमाला देऊन त्याची लाज राखली. आमच्या म्हाताऱ्यापाशी भगदाड नव्हते आणि रत्नमालाही नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ त्याच्या घरी गेलो. भावाने सारे स्पष्ट सांगितले आणि क्षमा मागितली. दोष माझा आहे असे मीही म्हणालो. माझे इंग्रजी त्याला किती कळले कोण जाणे. म्हाताऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "कामावर येईन. किल्ली नको."

पुढील तीन आठवडे त्या कारागिराच्या सल्ल्याने दुरुस्त्यांत गेले. गल्ल्यांची नवी कुलपे फिरत्या चकत्यांची होती; या तऱ्हेचा जन्म फिनलंडमध्ये 1907 साली झाला. त्यात चाचपडण्याच्या हत्याराला सहजी थारा मिळत नाही. गिरमिटाने भोक पाडू म्हणणाऱ्यासाठी तोंडाशी कठीण पोलाद बसविले, आणि पकडीला धरावयास काठ सापडू नये म्हणून कुलूप जाड कड्याच्या आत खोल नेले. परंतु कुलूप हरत नाही असे दिसले की चोर दाराकडे वळतो. म्हणून दाराच्या फटीवर पट्टी आली, म्हणजे पहारीचे टोक शिरू नये. बिजागऱ्या आत गेल्या. आणि पेट्यांचे बोल्ट खाली काँक्रीटमध्ये रोवले गेले. गाळ्यांतील नाणी तर भिंतीतून गेलेल्या नळीने थेट मागच्या बंद खोलीतील तिजोरीत पडतील अशी व्यवस्था झाली. बाहेर हाताशी काही राहूच नये, हा त्यातला हेतू. शिवाय दिवे वाढविले, आणि गल्ले रोज, पण रोज निराळ्या वेळी रिकामे करण्याचा परिपाठ ठेवला. फोडलेली पेटी बदलण्याचा खर्च आतल्या नाण्यांहून पुष्कळ अधिक असतो. तेव्हा पेटीत फोडण्याजोगे काही नसणे हीच मोठी राखण.

कारागिराने शेवटी दोन गोष्टी सुचविल्या, आणि त्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या. प्रत्येक यंत्रात पडलेली नाणी मोजणारा एक आकडा बसविला. तो कोणालाही मागे फिरविता येत नाही. आणि गल्ल्याच्या दारावर क्रमांक छापलेली एकेक पातळ मोहोर आली, जी तोडल्यावाचून दार उघडत नाही आणि तुटली की जुळत नाही. कुलूप चोरासाठी, मोहोर आपल्यासाठी, असे तो म्हणाला.

मोहोर पाहताच मला आमच्या कॉलेजातील परीक्षेची आठवण झाली. प्रश्नपत्रिकांचे लाखबंद पाकीट फोडण्यापूर्वी ते दोन विद्यार्थ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घ्याव्या लागत. मला हा नेहमी अपमान वाटत आला होता. एका प्राध्यापकाच्या सचोटीला अठरा वर्षांच्या पोरांनी दाखला द्यावा! आपल्या सरकारी खजिन्यांच्या दोन कुलपांची, दोन अधिकाऱ्यांपाशी असणाऱ्या दोन किल्ल्यांची रीतही मला अशीच संशयी वाटे. टेक्सासातल्या त्या अंगणात मला त्यांचा अर्थ उमगला. ज्याच्या हाती विश्वासाने काही सोपवावयाचे, त्याच्या बाजूने बोलणारा एक मुका साक्षीदारही सोबत द्यावा लागतो. नाहीतर ज्या दिवशी काही कमी भरते, त्या दिवशी त्या बिचाऱ्यापाशी आपल्या शब्दावाचून काही नसते. आणि गरिबाच्या शब्दाचे वजन मी आमटी भुरकता भुरकता केले होते.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी म्हातारा झाडता झाडता गल्ल्यापाशी थांबला. त्याने मोहोर निरखून पाहिली, तिच्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला, आणि यंत्रातला आकडा कोठे दिसतो ते भावाला विचारले. भावाने दाखविले. "आणि हे वहीत लिहून ठेवायचे?" म्हाताऱ्याने विचारले. भाऊ होय म्हणाला. दोघांनी मिळून पहिला गल्ला उघडला, नाणी मोजली, आकड्याशी ताडून पाहिली, आणि वहीत दोघांनी सह्या केल्या. मग म्हाताऱ्याने काही न बोलता हात पुढे केला, आणि भावाने नवी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तो चोर काही सापडला नाही. पुढे हिवाळ्यात भावाने फोनवर सांगितले, की एका रात्री कोणीतरी येऊन गेले, दोन कुलपांवर मोठमोठे ओरखडे आहेत, पण दार उघडलेले नाही. हे सांगताना त्याचा स्वर इतका प्रसन्न होता, की जणू त्याला कोणी प्रशस्तिपत्रच दिले असावे. मी म्हाताऱ्याविषयी विचारले. बरा आहे, म्हणाला.

त्या शेवटच्या दिवशीही मी बाकावर बसलो होतो. म्हाताऱ्याने जाताना मला नमस्कार केला. पण "प्रोफेसोर" म्हणून हाक मारली नाही, आणि थर्मासचे झाकण पुढे केले नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याची आणि भावाची गाठ पुन्हा पडली ती वहीच्या आणि मोहोरेच्या मध्यस्थीने. माझ्यापाशी तसले साधन नव्हते. काढलेल्या जुन्या कुलपांबरोबर ही किल्ली टाकून देण्यात येणार होती. ती मी मागून घेतली. आता हिने जगातले कोणतेही कुलूप उघडत नाही. तथापि दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या वर्षाच्या वर्गावर अनुमानाचे प्रकरण सुरू करण्याच्या सकाळी, मी ती खणातून काढून कोटाच्या खिशात टाकतो, आणि बोलताना मधूनमधून चाचपून पाहतो.